दामाजीपंतांच्या गोष्टीतलं बेदर: चार दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

लातूर ते उदगीर आईला तिकीट लागलं नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, मला अर्धं, भाच्याला पूर्ण. उदगीरला उतरून बिदरला जाणाऱ्या कर्नाटकच्या गाडीत बसलो. तिथल्या कंडक्टरनं आमची आधार कार्डं उलटीपालटी करून पाहिली, "महाराष्ट्र" एवढंच म्हणाला आणि तिघांचीही पूर्ण तिकिटं फाडली. शेजारच्या बाकावर कर्नाटकातल्याच कमलनगरच्या दोघी शून्य रुपयाचं तिकीट मुठीत धरून बसल्या होत्या. आमच्याशी मराठी, एकमेकींशी कानडी आणि फोनवर कुणाशी तरी दखनी. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते, मग जिल्ह्याचे तुकडे होऊन तीन राज्यांत गेले, हे मी भाच्याला सांगत होते. आई मध्येच म्हणाली, "म्हणजे जायचं आपल्याच जिल्ह्याच्या गावाला, आणि तिकीट मात्र परक्याचं."

आईचं माहेर मंगळवेढं. तिच्या तोंडी बिदर नाही, बेदर. मंगळवेढ्यात लहानपण गेलेल्या माणसाला या गावाची एकच ओळख: दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, बेदरहून त्यांना धरून आणायला स्वार आले, आणि पंत वाटेत असतानाच विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला, मोहरांची थैली रिकामी केली आणि पावती घेऊन परतला. ती पावती पंतांना पोथीत सापडली. ही गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकलीय की विठूच्या खांद्यावरच्या घोंगडीचा वाससुद्धा येतो. यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या आधी बेदर दाखव. पंढरपूर सतरांदा झालं."

बिदर आठ-दहा किलोमीटरवर आलं आणि खिडकीबाहेरची जमीन बदलली. आमच्याकडची काळी, भेगाळ माती संपली आणि कोकणात पाहावी तशी तांबडी लाल माती सुरू झाली. घाटमाथ्यावरच्या काळ्या कातळाच्या मुलखात मध्येच हे जांभ्याचं पठार आहे. पुढचे चार दिवस जे जे पाहिलं त्याच्या बुडाशी हा जांभाच निघाला, पण हे त्या दिवशी कळलं नव्हतं.

मुक्कामाच्या जागी फोनवर "लिफ्ट आहे" म्हणाले होते. लिफ्ट होती. बंद होती. खोली तिसऱ्या मजल्यावर. आईनं जिन्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काउंटरवरच्या मुलाला शुद्ध मंगळवेढी आवाजात विचारलं, "खाली काय ठेवलंयस रं?" खाली एक खोली निघाली. मोरी जवळ आणि खिडकी रस्त्यावर, पण निघाली.

संध्याकाळी जुन्या गावात गेलो. चार रस्ते जिथं मिळतात तिथं चौबारा हा गोल मनोरा उभा आहे, ७१ फूट उंच, टेहळणीसाठी बांधलेला. आता त्याच्या पायाशी रिक्षा, केळ्यांच्या गाड्या, मोबाइलची कव्हरं. चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे चालत निघालं की दुकानांच्या मधून अचानक महमूद गवानचा मदरसा येतो. अचानक हाच शब्द. आपण पानपट्टी बघत असतो आणि मान वर केल्यावर सुमारे १३० फुटांचा मिनार दिसतो, अंगावर हिरव्या-पिवळ्या-पांढऱ्या फरश्यांची नागमोडी नक्षी, निम्मी गळून गेलेली.

महमूद गवान इराणमधल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. कोकणात खेळण्याचा किल्ला, म्हणजे आपला विशाळगड, आणि पुढे गोवा जिंकणारा हाच. १४७२ साली त्यानं हा मदरसा बांधला: तीन मजले, मध्ये चौक, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना राहायच्या खोल्या, तीन हजार ग्रंथांचा संग्रह. धाटणी थेट समरकंद-खुरासानची. दख्खनच्या मातीत ही इमारत पाहुण्यासारखी वाटते, आणि वाटायलाच हवी. गवानला दाखवायचं होतं की इथं बसूनही तिकडचं सगळं मिळेल. पण त्याचाच घात झाला. दरबारातल्या दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या भांडणात त्याच्या शिक्क्याचं एक खोटं पत्र तयार झालं, आणि १४८१ साली सुलतानानं त्या म्हाताऱ्याचं डोकं उडवलं. पुढल्या वर्षी सुलतानही गेला. त्यानंतर बहमनी राज्य नावापुरतं उरलं आणि त्याचे पाच तुकडे झाले.

इमारतीचा दर्शनी भाग अर्धा नाही. औरंगजेबाच्या काळात इथं दारूगोळा ठेवला होता, त्याचा स्फोट झाला. एक मिनार आणि पुढची बाजू उडाली. भाचा सिव्हिलला आहे, तिसऱ्या वर्षाला. तो तुटलेल्या कडेशी जाऊन भिंतीची जाडी वितीनं मोजत बसला. अखंड भिंतीपेक्षा ही जास्त शिकवते म्हणाला. आई चौकात एका पायरीवर बसली होती. खोल्यांच्या रांगा बघून म्हणाली, "बोर्डिंग होय?" होय. याहून नेमकं वर्णन मला सुचलं नाही.

दुसरा दिवस, शनिवार

किल्ला. आज फक्त किल्ला, आणि तोही पुरला नाही.

अहमदशहा बहमनी १४२२ ला गादीवर आला आणि काही वर्षांत त्यानं राजधानी गुलबर्ग्याहून इथं आणली. का आणली ते उत्तरेच्या तटावर उभं राहिलं की कळतं. पठाराची कड तिथं तुटते, खाली मैलोगणती सपाटी आणि पलीकडे मांजरा. आमच्या लातूरकडून येणारी तीच मांजरा. त्या बाजूनं चढून येणाऱ्याला दम लागलेलाच असणार. दक्षिणेला मात्र गाव आणि किल्ला एकाच सपाटीवर, अडसर काही नाही. मग तिथं काय केलं? खंदक. एक नाही, तीन, एकाला एक लागून, मध्ये जांभ्याच्याच पडद्या राखलेल्या. म्हणजे खंदक बांधून नाही काढला, खडक कोरून काढला.

या तिहेरी खंदकाच्या काठावर आम्ही तासभर होतो. मार्गदर्शक मंडळी लोकांना इथून झपाट्यानं पुढे नेतात, आत महाल आहेत म्हणून. मला विचाराल तर महालापेक्षा हे मोठं. जांभा ओला असताना मऊ असतो, पहारीनं चिरता येतो, आणि वाऱ्या-उन्हात राहिला की टणक होतो. खंदकातून निघालेला चिरा तिथल्या तिथं तटाला लावायचा. खणणं आणि बांधणं एकच काम. आजही खंदकाच्या भिंतीवर छिन्नीचे तिरके ओरखडे दिसतात. एका ठिकाणी ते छातीच्या उंचीला थांबतात आणि वर वेगळ्याच कोनात सुरू होतात. भाचा म्हणाला, माणूस बदलला असेल. किंवा डावखुरा आला असेल.

आई कठड्याला टेकून खाली बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "हे खणलं कुणी?"

मी अहमदशहा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आमच्याकडं गावकुसाची भिंत बांधताना पडली," ती म्हणाली, "तिच्याखाली चोखोबा गेला. नामदेवानं हाडं कानाला लावून ओळखली, ज्यातून विठ्ठल-विठ्ठल येईल ती त्याची. बाकीच्यांची कुणी ओळखली?"

तिच्याजवळ याचं उत्तर नव्हतं आणि माझ्याजवळही. आम्ही शरजा दरवाजाकडे निघालो.

शरजा दरवाजावर १५०३ चा शिलालेख आहे आणि कमानीच्या दोन अंगांना दगडात कोरलेले दोन वाघ. आपल्याकडे गडांवर दिसणारा शरभ तो याच घराण्यातला. पुढे खंदकावरची वाट ओलांडली की गुंबद दरवाजा, नावाप्रमाणे आत घुमट, भिंती तळाशी रुंद, वर निमुळत्या. आत शिरताना वाट सरळ नाही, वळवून नेलेली. हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळू नये.

इथं मी आईला निकितिन सांगितला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० च्या आगेमागे आला. एक घोडा विकायचा म्हणून बरोबर आणलेला. चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकला, मग बिदरला पोचला. त्यानं लिहून ठेवलंय की सरदार चांदीच्या पालख्यांतून हिंडतात आणि रयत उघडीवाघडी आहे. आणि असंही की सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे, दर दरवाजाशी शंभर पहारेकरी आणि शंभर लिहिणारे. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, सगळं टिपतात.

आई थांबली. "सात ठिकाणी?"

"सात."

"मग विठूचं नाव सात ठिकाणी लिहिलं असंल."

"आजी," भाचा म्हणाला, "हे असं खरंच घडलं याला काही पुरावा?"

"पावती होती की," आई म्हणाली.

आतल्या इमारतींबद्दल थोडक्यातच. सोळाखांबी मशीद बिदरमधली सगळ्यांत जुनी इस्लामी इमारत मानतात, १४२३-२४ ची, म्हणजे राजधानी येण्याच्याही उंबरठ्यावरची. खांब सोळाच नाहीत, पुष्कळ आहेत. मधल्या काळात पुढच्या बाजूला भिंत घातली होती तेव्हा सोळाच दिसायचे, नाव तेव्हाचं. आत जाड, गोल, अजिबात न नटलेल्या खांबांच्या रांगा आणि गारवा. आई तिथं भिंतीला पाठ लावून पंधरा मिनिटं झोपली. गगन महाल, तरकश महाल पाहिले. तख्त महालाच्या उंच कमानीवर फरश्यांत केलेला वाघ आणि त्याच्या पाठीमागून उगवणारा सूर्य पुसट झालाय, पण कुठं बघायचं ते सांगितलं की डोळ्यांना सापडतो. आईला एवढंच हवं होतं: मोहरा कुठं ओतल्या? तख्त महाल की दिवाण-ए-आम? मी म्हटलं, हिशेबाचं काम असेल तर दिवाण-ए-आम. तिनं तिथल्या चौथऱ्याचा एक दगड हातानं पुसला आणि त्या हातानं गळ्याला, कपाळाला लावलं. शेजारी एक शाळेची सहल चिप्स खात होती.

रंगीन महालाला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे तो माणूस जेवायला गेलेला. आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो, मग आईच्या गुडघ्यानं निकाल दिला.

एक तक्रार मात्र नोंदवते. आत नव्यानं केलेली डागडुजी जिथं आहे तिथं चुन्याचा गिलावा इतका गुळगुळीत आणि एकसारखा झालाय की भिंत कालची वाटते. आणि जिथं डागडुजी नाही तिथं "सचिन लव्ह पूजा". या दोन्हींच्या मधलं काही असायला हवं होतं.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी रिक्षानं अष्टूरला, गावाच्या पूर्वेला तीन-चार किलोमीटर. वाटेत चौखंडी लागते. ती हजरत खलीलुल्लांची, अष्टकोनी, वर छत नाही, टेकाडावर एकटी. अहमदशहानं किरमाणच्या शाह निमतुल्लांना बोलावणं धाडलं होतं, ते स्वतः आले नाहीत, पुढे मुलगा आला. तो हा. आतल्या कमानीभोवती काळ्या दगडात कोरलेली अक्षरं आहेत, शिराजच्या मुगीस नावाच्या कातिबाची. मला ती वाचता येत नाहीत. पण दगडात बोरूचा फराटा दिसावा, जाड रेघ वळणावर बारीक होत जावी, हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. आणि इथं शेवटी एका कारागिराचं नाव सापडलं म्हणून आईला सांगितलं. ती म्हणाली, "लिहिणाऱ्याचं सापडायचंच."

अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी एका ओळीत आहेत. हुमायूनच्या कबरीवर वीज पडली आणि घुमट सुरीनं कापल्यासारखा उभा फाटला. अर्धा आहे, अर्धा नाही. हा हुमायून 'जालिम' म्हणून कुप्रसिद्ध, आणि विजेबद्दल गावात जे बोलतात ते ओघानंच आलं. भाच्याला मात्र पर्वणी. घुमटाचा छेद पुस्तकात काढून दाखवतात तो इथं प्रत्यक्ष समोर. तळाशी किती जाड, माथ्याकडे किती पातळ, विटांचे थर कसे कलते होत जातात. त्यानं चाळीस फोटो काढले. वरून हवाई दलाची दोन शिकाऊ विमानं कानठळ्या बसवत गेली. बिदरला त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, दर अर्ध्या तासानं आकाश फाटतं.

अहमदशहाची कबर बाहेरून साधी. आत अंधार. तिथं राखणीला असलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दारात एक आरसा धरला, ऊन पकडलं आणि ते घुमटात फेकलं. काळ्या अंधारात एकदम सोनं, हिंगूळ, निळा रंग. आरसा हलवतील तसा तो उजेडाचा तुकडा भिंतीवरून सरकत होता, वेल, अक्षरं, चक्रं, पुन्हा अक्षरं. शाह निमतुल्लांची कवनं आहेत ती. जवळजवळ सहाशे वर्षांचा रंग, आणि बघायला मिळतो तो हातभर तुकडा, पुढे सरकला की मागचा पुन्हा अंधारात. मला हे फ्लडलाइटपेक्षा बरं वाटलं.

या सुलतानाला मुसलमान वली मानतात आणि लिंगायत त्यांचे संत अल्लमप्रभू. दरवर्षी इथं उरूस भरतो तो आपल्या पंचांगाप्रमाणे, आणि त्याचा मान कलबुर्गीकडच्या माड्याळ गावच्या जंगमाकडे. तो चालत येतो, बरोबर त्याचे लोक, आणि मग सोहळा सुरू होतो. आईला हे सांगितल्यावर अजिबात नवल वाटलं नाही. "बरोबर आहे, बादशहाच पुढं शहाणा झाला," म्हणाली. तिच्या हिशेबी सगळे बादशहा एकच, आणि तो विठूला भेटलेला.

दुपारी ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी. खानावळ साधी, चव लातूरचीच, फक्त तिखट दीड पट.

मग बिदरी. चौबाऱ्याच्या मागल्या गल्लीत खाली बसून काम करणारे कारागीर आहेत. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, उजेड दारातून येईल तेवढा. जस्त सोळा भाग, तांबं एक, या मिश्रणाची सुरई ओततात. साचा मातीचा, त्यात राळ आणि एरंडेल. ओतून काढलेलं भांडं घासून गुळगुळीत करायचं, मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरतं काळं करायचं म्हणजे कोरलेली रेघ पांढरी उठून दिसते, मग कलमानं, म्हणजे बारीक छिन्नीनं, नक्षी खणायची. त्या खाचेत चांदीची तार बसवून ठोकायची. आम्ही बसलो तिथले चाचा तार चिमट्यानं न धरता नखानं दाबत होते. डाव्या अंगठ्याचं नख त्यासाठी वाढवलेलं, कडेला चांदीसारखं चमकणारं. एका पाकळीला तीन वळणं, तीन ठोके. नजर वर न उचलता बोलणं चालू.

सगळ्यात शेवटी माती. भांडं तापवून त्यावर किल्ल्यातली माती आणि नवसागर कालवून चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदीला काहीच होत नाही. आमच्यासमोर त्यांनी एक पेला असा चोळला. राखाडी पेला मिनिटाभरात काळा पडला आणि त्यातून चांदीची वेल वर आली. वर तेलाचा हात. आईनं "अगं बाई" म्हणून माझा दंड धरला.

"कुठली पण माती चालत नाही का?" भाच्यानं हिंदीत विचारलं.

"हर जगा की नै चलती," चाचा म्हणाले. "जिस्कू दो सौ, चार सौ बरस से धूप नै लगी, पानी नै लगा, वोइच होना. जबान कू लगाके देखना पड़ता." आणि त्यांनी डब्यातली चिमूटभर माती खरोखर जिभेवर ठेवली. भाच्यानंही चाटली. तोंड वाकडं केलं.

बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२३ ला इथल्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री. मानांकन गावाच्या नावाचं आहे, पण वेल काळ्यातून वर येते ती किल्ल्याच्या पडक्या, अंधाऱ्या भागातल्या मातीनं. किल्ला सगळा झाडून, फरशा घालून, बाग करून टाकला तर हे काम कशावर चालणार, असं मी चाचांना विचारलं. ते हसले आणि डबा हलवून दाखवला. भरलेला होता. आईसाठी एक कुंकवाची डबी घेतली, घासाघीस न करता. तीन ठोक्यांची पाकळी पाहिल्यावर भाव करायला जीभ उचलली नाही.

चौथा दिवस, सोमवार

नौबादला गेलो, कारेज, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा, बघायला. मला या सहलीत स्वतःला बघायची होती ती ही एकच गोष्ट.

शेताच्या कडेनं, ओळीत, ठरावीक अंतरावर उभी चौकोनी विवरं आहेत. नवख्याला वाटेल विहिरी. पण त्या सगळ्या खाली एका बोगद्यानं जोडलेल्या आहेत, आणि बोगद्याला अगदी थोडा उतार. वरून पडलेला पाऊस सच्छिद्र जांभ्यातून झिरपतो, खालच्या काळ्या कातळाशी अडतो, आडवा वाहू लागतो. त्या पाण्याला वाट करून द्यायची, बस. पंप नाही, रहाट नाही. ही विद्या इराणची, बहमनी दरबारातल्या इराणी माणसांबरोबर आली. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर याच जातीची. नौबादचा बोगदा गाळानं भरून गेला होता, गेल्या दहा-पंधरा वर्षांत बराच उपसला. २०१४ साली जागतिक स्मारक निधीनं जपायला हव्या अशा जागांच्या यादीत बिदर शहर घातलं. त्याच वर्षी दख्खनच्या सुलतानशाहीच्या वास्तू युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. बिदर त्यातही आहे.

एका विवराच्या तोंडाशी वाकून भाच्यानं खडा टाकला. मोजून दोनला 'डुबुक' आलं. आम्ही तिघंही गप्प झालो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. आमच्या घरी तेव्हा आंघोळीचं पाणी फरशी पुसायला आणि फरशीचं संडासला. आई म्हणाली, "टाक बरं आणखी एक." त्यानं टाकला. पुन्हा तोच आवाज.

आजूबाजूला घरं वाढतायत. एका विवराला लागूनच प्लॉटिंगचे खांब रोवले होते, त्यांवर लाल रिबिनी. पठारावर काँक्रीट अंथरलं की पाणी झिरपणार कुठून? बोगदा साफ ठेवला आणि वरची जमीन विकली तर मागे राहील ती सुंदर कोरडी नळी. मदरशाची भिंत पडली तर चार लोक ओरडतील. जमिनीवर पडणाऱ्या पावसासाठी कोण ओरडणार? मला तरी तटाइतकंच हे पठार जपायच्या वारशात धरावंसं वाटतं.

तिथून नानक झिरा. त्याच जांभ्याच्या पोटातून, त्याच कारणानं बाहेर पडणारं पाणी. गुरू नानक इथं आले तेव्हा पाणी खारं होतं, त्यांनी पायानं दगड सारला आणि गोडा झरा फुटला, असं सांगतात. गुरू गोविंदसिंगांच्या पंच प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग इथलेच. लंगरला बसलो. आईला खाली बसवेना, तर एका सरदारजींनी न विचारता स्टूल आणून ठेवलं. ती झऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन निघाली, आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली, "किल्ल्यात पुन्हा जाऊ. ते कुलूप राहिलंय."

या खेपेला किल्ली होती. रंगीन महाल बाहेरून काहीच नाही. अली बरीदनं, म्हणजे बहमनींनंतर इथं बसलेल्या बरीदशाहीच्या संस्थापकाच्या नातवानं, सोळाव्या शतकात तो नटवला. त्याच्या हातात छोटंसं राज्य उरलेलं, मोठा वाडा बांधायला पैसा नव्हता, म्हणून लहान जागेत सगळा जीव ओतला असावा. पुढच्या दालनात कोरीव लाकडी खांब, देवळातल्यासारखे. आतल्या दाराच्या चौकटीला काळा दगड आणि त्यात शिंपल्याची जडवण. राखणदारानं मोबाइलचा उजेड तिरका धरला तशी ती जडवण आधी पांढरी, मग गुलाबी, मग मोरपिशी झाली. काल चाचांच्या पेल्यावर पाहिलं तेच हे. काळ्यात उजळ. दगडात शिंपला बसवणारा हात आणि जस्तात चांदी बसवणारा हात एकाच गावातले, यात नवल नाही.

बाहेर पडताना राखणदारानं वही पुढे केली. नाव, गाव, वेळ, सही. भाच्यानं आपलं लिहिलं, मी माझं. आईनं चष्मा काढला, पुसला, घातला. नाव लिहिलं. गावाच्या रकान्याशी आली तेव्हा मी म्हटलं, "लातूर लिही."

तिनं सावकाश, अक्षर अक्षर जोडत, 'मंगळवेढे' लिहिलं. मग वही राखणदाराकडे सरकवत विचारलं, "याची पावती मिळती का?"

तो हसला आणि कानडीत काहीतरी म्हणाला. तीनची उदगीर गाडी चुकली. पाचची मिळाली, उभ्यानं.